पदराखालचा सौदा

त्या कवीने माझ्या आईला फसवलं. शब्द दिला, माझ्या डोळ्यांदेखत दिला, आणि मोडला.

त्याचं नाव मी लिहिणार नाही. ज्यांनी शाळेत ती कविता पाठ केली त्यांना ते माहीत आहे, आणि ज्यांनी केली नाही त्यांचं काही अडलेलं नाही. कवींशी माझं एरवी वाकडं नाही. माझं भांड्यांचं दुकान आहे आणि गिऱ्हाइकांत दोन-चार कवीही आहेत. दुकानात भाव करायला लाजतात आणि घरी जाऊन महाग पडलं म्हणतात. एवढं सोडलं तर माणसं चांगली. हाही चांगलाच होता. पानशेतचं धरण फुटून पुण्यात पाणी शिरलं तेव्हा विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन तो रोज यायचा. आमच्या गल्लीतला गाळ त्याने स्वतः घमेल्याने उपसला. त्या वेळी पंचविशीचा असेल, नुकताच कॉलेजात शिकवायला लागलेला. चष्मा सारखा घामाने खाली घसरायचा आणि हात गाळाने भरलेले, म्हणून तो खांद्याने वर ढकलायचा. हे मी मुद्दाम लिहिते. कोणी म्हणू नये की बाई एकाच बाजूचं सांगते.

आम्ही नदीकाठच्या पेठेत एका खोलीत राहत होतो. वडील मंडईत एका अडत्याकडे माल तोलायचं काम करायचे. ते वारल्यावर आईने मंडईच्या बाहेर लिंबू, आलं, मिरची घेऊन बसायला सुरुवात केली आणि मी शाळा सोडून तिच्या शेजारी बसू लागले. पूर आला तेव्हा मी सोळा वर्षांची होते. त्या दिवशी सकाळी खोली होती, संध्याकाळी नव्हती. पाण्याबद्दल याहून जास्त मी लिहिणार नाही. ते इतक्यांनी लिहिलंय की वाचताना माझं मलाच खोटं वाटायला लागतं.

मला आठवतात ते त्यानंतरचे दिवस. पर्वतीच्या बाजूच्या एका शाळेत आम्हाला उतरवलं होतं. एका वर्गात सात-आठ कुटुंबं. बाकं भिंतीला लावून मधे झोपायचं. माझ्या उशाशी हिंदुस्थानचा नकाशा होता आणि पायाशी गुणाकाराचे तक्ते. शाळा बंद होती, पण शिपाई सवयीने तासाची घंटा द्यायचा, आणि घंटा झाली की बायका स्वयंपाकाचा अंदाज बांधायच्या. चौथ्या तासाला भात, मधल्या सुट्टीत पंगत. भिजलेलं धान्य मैदानावर वाळत घातलेलं असायचं आणि त्याचा आंबूस वास सगळीकडे भरलेला. मधूनच कोणीतरी "पाणी आलं, पाणी आलं" म्हणत ओरडत यायचं आणि सगळी शाळा पर्वतीच्या पायऱ्या चढून पळायची. वर जाऊन बघावं तर पाणी कुठेच नाही. मग वर आलोच आहोत तर दर्शन घेऊन, वाऱ्यावर बसून, गप्पा मारून खाली. एकदा एक काकू भाकरी थापताना उठून पळाल्या आणि वर पोचल्यावर हातातला पिठाचा गोळा बघून त्यांना इतकं हसू आलं की त्या खालीच बसल्या.

त्या दिवसांची मला ओढ वाटते असं मी म्हटलं की लोक विचित्र नजरेने बघतात. पण वाटते. घर गेलेलं होतं आणि अजून दुसरं मिळालेलं नव्हतं, त्यामुळे कोणाचं घर मोठं आणि कोणाचं लहान हा प्रश्नच नव्हता. वाड्याच्या मालकीणबाई आणि त्यांची धुणंवाली एकाच नळावर भांडायच्या आणि धुणंवाली जिंकायची.

आमच्या वर्गात एक सिंधी काका होते. फाळणीत तिकडून निघाले, छावणीत काही वर्षं काढली, मग आमच्या गल्लीत खोली घेऊन खांद्यावर कापडाचे तुकडे टाकून विकायचे. पुरात तीही खोली गेली. कापडाचा एक गठ्ठा मात्र त्यांनी वाचवला होता. सगळे घाबरलेले असताना ते एकटेच शांत. म्हणायचे, "बेटी, माझी ही दुसरी वेळ. दुसऱ्या वेळी माणूस चपला पायात घालून झोपतो."

काका शायर होते. संध्याकाळी वर्गातल्या फळ्यावर खडूने त्यांच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे, दोन-चार ओळी लिहायचे आणि सकाळी स्वयंसेवक यायच्या आत पुसून टाकायचे. आम्ही विचारायचो, "काका, आज काय?" ते गंभीर चेहऱ्याने अर्थ सांगायचे. आज डाळ इतकी पातळ होती की तिच्यात मला माझा चेहरा दिसला, आणि चेहरा बरा होता. किंवा, लस टोचणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आज तिसऱ्यांदा टोचलं, मी नाही म्हणालो नाही, त्या सुंदर आहेत. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. माझ्या आईने एकदा विचारलं, "दादा, गावावर नाही लिहीत कधी?"

काका म्हणाले, "दीदी, गाव माझ्याजवळ आहे. फळ्यावर कशाला? शाळेचा फळा आहे, उद्या कोणी त्यावर भागाकार करेल."

आमचा कवी एकदा लवकर आला आणि फळा पुसायचा राहिला होता. ती लिपी बघून तो एकदम हळवा झाला. काकांजवळ बसला. "तुमच्या नदीबद्दल लिहिलंय का?"

"नाही हो मास्तर," काका म्हणाले, "शाळेच्या संडासाबद्दल लिहिलंय. रांग फार असते."

कवी हसला, पण मनातून त्याला पटलं नसावं. मला तेव्हा ते कळलं नाही. नंतर कळलं.

आता भांड्यांचं. गाळातून निघालेली तांब्या-पितळेची भांडी हीच काय ती सगळ्यांची शिल्लक होती. हंडे, घागरी, बंब, पराती. काही चेपलेली, काही फुटलेली. बायकांनी ती शाळेच्या मैदानावर आणून चिंचेने आणि राखेने घासायला घेतली. दुपारच्या उन्हात सगळं मैदान चमकायचं. मी आजही दुकानात भांडी लावताना कधीकधी ऊन आत येतं आणि मला ते मैदान दिसतं. माझ्या धंद्याची सुरुवात तिथेच झाली असं मी धरते.

आणि ती चमक बघून मोडीत घेणारे व्यापारी आले. शाळेच्या फाटकाशी उभे राहायचे. एकेका बाईला बाजूला घेऊन काहीतरी भाव सांगायचे आणि बाई बिचारी देऊन टाकायची. स्वयंपाकाला चार भांडी ठेवली की बाकीची ठेवायची कुठे? बाकाखाली? आई दोन दिवस बघत होती. मग तिने वर्गात सगळ्या बायकांना बसवून सांगितलं, "धड भांडी कोणी विकायची नाहीत. फक्त फुटकी विकायची. आणि एकेकटीने विकायची नाहीत. सगळ्यांची मिळून मी विकते. एकच भाव, सगळ्यांना सारखा."

वाड्याच्या मालकीणबाई म्हणाल्या, "तुम्ही कशावरून चांगला भाव काढाल?"

"तुम्हाला लिंबू कधी स्वस्त मिळालंय का माझ्याकडे?" आई म्हणाली.

मालकीणबाईंनी आपला फुटका बंब पुढे सरकवला.

त्या काळी मंडईत मोठा सौदा तोंडाने होत नसे. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात धरायचे आणि बोटांनी भाव सांगायचे. धरलेली बोटं म्हणजे आकडा, दाबलं की कबूल, झटकलं की नाही. त्याला हत्ता म्हणत. भोवती दहा माणसं उभी असली तरी त्यांना फक्त दोन चेहरे दिसत, आणि मुरलेल्या माणसाचा चेहरा काही सांगत नसे. म्हणजे एकाला दिलेला भाव दुसऱ्याला कळायचा नाही. वडिलांनी हे आईला घरी, चेष्टेचेष्टेत शिकवलं होतं. बाईने हत्ता करायचा अशी रीत नव्हती. पण फाटकाशी पाच व्यापारी एकमेकांवर लक्ष ठेवून होते. तोंडाने बोलली असती तर पाचही जण एक झाले असते.

म्हणून ती त्यांच्यातल्या सर्वांत जाड्या, सर्वांत घाईत असलेल्या व्यापाऱ्यापुढे गेली, पदराचं टोक पुढे केलं आणि म्हणाली, "द्या हात."

तो चपापला. मग पदराखाली हात दिला. आईने मान खाली घातली, कारण डोळ्यांवरून भाव ओळखणारे बाजूला उभे होते. ती तिथे उन्हात बराच वेळ तशीच उभी होती. मी तिच्या मागे घागर घेऊन उभी होते आणि मला त्या माणसाचं पुटपुटणं ऐकू येत होतं.

"बाई, हात सोडा. लोक बघतायत."

"बघू देत. तुम्ही बोट वाढवा."

"परवडत नाही हो."

"मग झटका. झटकत का नाही?"

तो झटकेना, कारण त्याला माल हवा होता, आणि आई सोडेना. त्याच्या कपाळावर घाम आला. शेवटी त्याने दाबलं. आईने पदर मागे घेतला, खोचला, वळली आणि बायकांना म्हणाली, "आणा गं."

चांगला भाव होता. किती ते लिहीत नाही. हत्त्याचा भाव बाहेर सांगायचा नसतो आणि आईने बायकांना त्यांच्या वाटणीपलीकडे सांगितला नाही. त्यांनीही विचारला नाही. तिने सांगितलं ते त्यांनी घेतलं. या कामात हात पदराखाली असतो, म्हणून सगळं त्या बाईच्या शब्दावर असतं. हे लक्षात ठेवा.

आणि आमचा कवी त्या वेळी पाच-सात पावलांवर, मदतीच्या ट्रकजवळ उभा राहून साड्या वाटत होता. त्याला काय दिसलं? मळलेल्या साडीतली बाई, पुढे केलेला पदर, खाली घातलेली मान, एका जाड्या माणसाचा धरून ठेवलेला हात आणि तो माणूस म्हणतोय, सोडा. त्या दिवशी तो आमच्याकडे चहा प्यायला बसला होता. आईच्या हातचा आल्याचा चहा. आईला म्हणाला, "फार सोसलंत तुम्ही." आई खुशीत होती. "छे हो," म्हणाली, "आज तर बरा दिवस होता." त्याने मान हलवली. त्याला वाटलं असणार, काय हे मन. विचारलं मात्र काही नाही.

पुढे आम्हाला टेकडीच्या पायथ्याशी अर्धगोल पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. आमची कोपऱ्यातली होती. दुपारी भट्टी आणि पावसात ताशा, पण आपली होती. शाळेतल्या बऱ्याच बायका तिथेच आल्या. आईने त्यांना घेऊन बरंच काही सुरू केलं. लाकूडफाटा एकत्र आणायचा, तांदूळ पोत्याने घ्यायचा, भाव आईने करायचा. ती सकाळी निघाली की मागे सहा बायका असायच्या. मला आईची ती चाल आठवते. आधी ती मंडईत जाताना कडेने जायची. आता मधून जायला लागली.

दिवाळी आली. शाळेत मदतीला येणारी एक मुलगी दिवाळी अंक घेऊन आली. "मावशी, आमच्या सरांची कविता छापून आलीय. पुरावर." मी मोठ्याने वाचली. एक माउली ट्रकवाल्यापुढे पदर पसरते, मूठभर तांदळासाठी त्याचा हात धरते, तो म्हणतो सोड, ती सोडत नाही, आणि तिच्या मुक्या आसवांनी नदी दुसऱ्यांदा भरते. चांगली बांधलेली कविता होती. वाचताना माझे डोळे भरले. आईने डोळे पुसले. "बिचारी," म्हणाली, "कुठल्या शाळेतली गं?"

मग शेवटचं कडवं आलं. त्यात तिच्या जुन्या पदराला निळ्या कापडाचं ठिगळ होतं.

ते ठिगळ सिंधी काकांनी दिलेल्या तुकड्याचं होतं. आई तीच साडी नेसून समोर बसली होती. तिने पदर उचलला, ठिगळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "परत वाच," म्हणाली. मी परत वाचलं. या वेळी कोणाचे डोळे भरले नाहीत.

त्याच अंकात दुसरी कविता होती. आपला काठ हरवलेला एक म्हातारा फळ्यावर आपल्या नदीचं नाव लिहितो आणि रोज पहाटे ते आसवांनी पुसतो. मी काकांना जाऊन सांगितलं. काका हसून लोळायचे बाकी राहिले. "मी संडासावर लिहिलं, त्याने नदीवर नेलं. ठीक आहे, पाणी दोन्हीकडे आहे." मी म्हटलं, "काका, तुम्हाला राग नाही येत?" तर म्हणाले, "बेटी, माझं काय बिघडलं? मला म्हातारा म्हणाला, एवढं मात्र त्याने बरं केलं नाही."

त्यांचं बिघडलं नाही. आईचं बिघडलं. आमच्याकडे दिवाळी अंक एका घरात येतो आणि चाळीस घरांत वाचला जातो. आधी थट्टा झाली. मंडईत व्यापारी म्हणायला लागले, "या माउली, मूठभर आलं देऊ का?" आई त्यांना पुरून उरणारी होती. पण मग खोल्यांच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. एक बाई म्हणाली, पदर पसरला की कोपऱ्यातली खोली मिळते. दुसरी म्हणाली, अहो, ती रडत होती असं लिहिलंय, हात धरून उभी होती, मग सौदा कसला? आणि तिसरीने नळावर सगळ्यांसमोर विचारलं, "खरं सांगा वहिनी, आमच्या भांड्यांचा भाव त्या माणसाने नक्की काय दिला होता?"

आई म्हणाली, "सांगितला तेवढाच."

"कोणी बघितलं?"

कोणी बघितलं नव्हतं. हात पदराखाली होता. बघितलं ते एका माणसाने, आणि त्याने लिहून ठेवलं होतं की सौदा झालाच नाही. पुढच्या महिन्यात तांदळाला तीन बायका आल्या. मग एक. मग आई एकटी जायला लागली. पुराने आमची खोली नेली होती. तिचा शब्द पुराने नेला नव्हता, तो त्या कवितेने नेला.

पुढच्या वर्षी चीनचं युद्ध आलं आणि कवी तिकडे वळले. चौकाचौकांत कार्यक्रम व्हायचे, तरुण मुलं रक्त द्यायला रांगा लावायची, बायका अंगावरचं उतरवून द्यायच्या. पुणं तसं कधी दिसलं नव्हतं. आम्हीही मंडईवरून येताना एका चौकात गर्दीत थांबलो. व्यासपीठावर आमचाच कवी. त्याने तीच कविता म्हटली, पण शेवट नवा होता. कालची पदर पसरणारी माउली आज त्याच पदरात मंगळसूत्र घालून देशाला देते. टाळ्या पडल्या, माणसं रडली. आई डोक्यावरची पाटी धरून उभी होती. म्हणाली, "आधी मला मागायला लावलं, आता द्यायला लावतोय. बाई एक आहे, कामं दोन." आणि चालायला लागली. वडील जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मंगळसूत्र कुठून आणलं त्याने, कोणास ठाऊक.

युद्धाने ती कविता मोठी केली. संग्रह निघाला, मग ती शाळेच्या पुस्तकात आली. शेजारची मुलगी पत्र्याला टेकून मोठ्याने पाठ करायची आणि पत्रा तो आवाज आमच्याकडे दुप्पट करून पाठवायचा. एका रविवारी आईने ते तीनदा ऐकलं, चौथ्यांदा उठली, निळ्या ठिगळाची तीच साडी पेटीतून काढून नेसली आणि म्हणाली, "चल."

तो तेव्हा कर्वेनगरला राहायला गेला होता. शेतं होती भोवती, मधेच एखादी नवी सोसायटी. आम्ही बसमधून उतरून ज्वारीच्या कडेने चालत गेलो. दार त्याच्या बायकोने उघडलं. "कोण हवंय आपल्याला?"

"कवितेतली बाई आलीय म्हणावं," आई म्हणाली.

तो आला. ओळखलं त्याने, चेहरा उजळला, आणि साडी बघून लगेच उतरला. "अहो, या, बसा ना."

"बसते. की उभ्यानेच मागू?"

चहा आला. आईने घेतला नाही. तिने त्याला हत्ता म्हणजे काय, तो व्यापारी कोण, भांडी कोणाची, सगळं सांगितलं. तो खरोखर मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, "पण कवितेतली ती म्हणजे तुम्ही एकट्या नाही हो. सगळ्या आहेत त्यात. सगळं बुडालेलं पुणं आहे."

"मग ठिगळ माझंच का? सगळ्या पुण्याला निळं ठिगळ होतं का?"

"मला तुमच्याबद्दल अपार वाटलं, म्हणून ते राहिलं मनात."

"वाटलं तर विचारायचं. त्याच दिवशी चहा प्यायलात आमच्याकडे. बाई, काय चाललं होतं, एवढं विचारायला काय झालं होतं?"

"असं विचारून कविता होत नाही."

"न विचारता होते तिला आमच्यात चुगली म्हणतात," मी म्हणाले.

"तू गप," आई म्हणाली. सौद्याच्या वेळी मधे बोलायचं नसतं, आणि तिचा सौदा सुरू झाला होता हे मला कळलं.

पहिला भाव तिने वरचा लावला. कविता पुस्तकातून काढा. तो म्हणाला, माझ्या हातात नाही, शाळांत गेली. मग ती खाली आली. दुसरी लिहा, खरी. तो म्हणाला, सांगून सुचत नाही. मग ती जिथे यायचं होतं तिथे आली. तुमच्या संग्रहाची पुढची आवृत्ती निघेल, तिच्यात कवितेच्या वर दोन ओळी छापा: ही बाई मागत नव्हती, विकत होती. भांडी तिची आणि तिच्या शेजारणींची होती, आणि तिने सगळ्यांना सारखं वाटलं. त्याने त्या ओळी स्वतःशी म्हणून बघितल्या. मग म्हणाला, "छापतो."

आईने पदर पुढे केला. "द्या हात."

त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्याने तिच्याकडे बघितलं, मग पदराखाली हात दिला. आई त्याला म्हणाली, "कबूल असेल तर दाबा. दाबल्यावर फिरता येत नाही. झटकायचं असेल तर आत्ता झटका, मी रागावणार नाही." त्याने दाबलं. मला त्याच्या मनगटावर ते दिसलं. परतताना ज्वारीच्या कडेने आई गाणं गुणगुणत होती. मी तिला गाताना त्याआधी फक्त वडील असताना ऐकलं होतं.

पुढची आवृत्ती आली. मी विकत आणली. चांगला कागद होता, मुखपृष्ठावर एक पदर काढला होता. दोन ओळी नव्हत्या. मी त्याच दुपारी कर्वेनगरला जायला निघाले होते, आईने अडवलं. "त्याने मोडला," म्हणाली, "आता त्याच्या दारात मी जाणार नाही आणि तूही नाही." ती असेपर्यंत मी ऐकलं. त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. आम्ही भांड्यांची हातगाडी लावली, मग गाळा घेतला, मग हे दुकान. माणसं तिला मानायची, पण ती नवी माणसं होती. शाळेतल्या त्या बायकांपैकी कोणी परत येऊन म्हणालं नाही की वहिनी, आमचं चुकलं. ती शेवटच्या आजारात एकदा म्हणाली, "त्या मालकीणबाईंना तरी कळायला हवं होतं गं." मालकीणबाई तिच्या आधीच गेल्या होत्या. मी ते तिला सांगितलं नव्हतं.

आता कवीचा सत्कार झाला. मी गेले होते. तो खूप थकलाय, दोघांनी धरून आणावं लागलं. भाषणात म्हणाला, ती माउली मला अजून डोळ्यांसमोर दिसते. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, ती माझी आई. तुम्ही तिला शब्द दिला होता." सूत्रसंचालक म्हणाला, "आजी, प्रश्नोत्तरं कार्यक्रमपत्रिकेत नाहीत." सभागृह हसलं. तो हसला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, ओठ हलवले आणि मग शाल सावरली. त्याला आठवत होतं. मी आयुष्यभर माणसांचे चेहरे वाचून धंदा केलाय, मला यात फसवू नका.

तर सर, हे मी तुमच्यासाठी छापतेय. प्रकाशकाने ओळी गाळल्या असतील तर तसं सांगा. तुम्हीच पाठवल्या नसतील तर का पाठवल्या नाहीत ते सांगा. कविता बिघडेल अशी भीती वाटली असेल तर तेही सांगा, ते निदान मला समजेल. पण कवितेतली बाई ती नव्हतीच, सगळ्यांचं दुःख होतं, हे मला परत ऐकवू नका. ज्यांचं ते दुःख होतं त्या सगळ्यांना मी नावानिशी ओळखत होते. तुमची नवी आवृत्ती निघतेय असं ऐकते. त्याआधी उत्तर द्या. कुठल्याही मासिकात द्या, नाहीतर दुकानात येऊन द्या. एक ते चार बंद असतं, ती वेळ सोडून या. चालवत नसेल तर निरोप पाठवा, मी येते. दुसऱ्या कोणाला बोलायला पाठवू नका.